पोरं बसतात तेव्हा

प्राध्यापक : आबा, तुमच्याकडून तुळशीची माळ घालून घेतल्यावर दारू सुटलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे तुमचं काम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माझी हरकत तुमच्या निदानाला आहे. देव विसरला म्हणून पोरगा बाटलीकडे गेला, असं तुम्ही सांगता. मला वर्गात दिसतं ते वेगळं आहे. रावेरचा, साक्रीचा, पारोळ्याचा मुलगा बारावी करून जळगावला नाहीतर धुळ्याला येतो. कोणी फार्मसीला, कोणी इंजिनिअरिंगला, कोणी बी.ए.ला नाव घालून पोलीस भरतीच्या तयारीला. चौघांत एक रूम. गावी असताना दिवेलागणीला कुठे होतास म्हणून विचारणारी आई होती, इथे विचारणारं कोणी नाही. पहिली परीक्षा संपते, कोणाचा तरी वाढदिवस येतो आणि एक जण म्हणतो, आज बसू. त्या वेळी नवख्या मुलाला देवाचा प्रश्न पडलेला नसतो. आज नाही म्हटलं तर उद्या हे मला मेसला सोबत नेतील का, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

त्यात कायदा बघा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइन प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकीच्या दारूला २५. म्हणजे पदवीचा जवळजवळ कोणताही मुलगा उघडपणे पिऊ शकत नाही. मग खोलीचं दार लावून, घरमालक झोपल्यावर, घाईघाईने प्यायचं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं की त्याला अतिमद्यपान म्हणते. व्हिस्कीची एक क्वार्टर, १८० मिलिलिटर, एकट्याने संपवली की तो आकडा गाठला जातो. आपल्या पोरांच्या भाषेत एक क्वार्टर म्हणजे काहीच नाही.

आणि यातली सगळ्यात दुःखाची गोष्ट अशी की, चौघांतल्या तिघांना कदाचित त्या रात्री प्यायचंच नसतं. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात प्रेंटिस आणि मिलर या दोघांनी १९९३ साली विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. स्वतःला विद्यापीठातल्या पिण्याबद्दल जेवढी अस्वस्थता वाटते तेवढी इतरांना वाटत नसणार, असं तिथे बहुतेकांना वाटत होतं. म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून गप्प. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे शंभरात सुमारे चौदा निघाले. रूमवरच्या मुलाला विचारा, तो शपथेवर सांगेल की सगळेच पितात.

माळकरी : सर, सुरुवात तुम्ही सांगता तशीच होते. माझं म्हणणं तिथून पुढचं आहे. पहिल्या पेल्याला भीती पुरते. पन्नासाव्याला पुरत नाही. दोस्त नाराज होतील म्हणून पिणारा पोरगा वर्षभरात दोस्तांची वाट न बघता एकटा प्यायला लागतो, तेव्हा त्याला तिथे काय मिळतं?

मी त्यांच्यात बसलोय. पीत नाही, हे त्यांना ठाऊक आहे, तरी मला बसू देतात. तासाभराने काय होतं सांगतो. दिवसभर एकमेकांना शिव्या देणारी, टाळ्या मारणारी पोरं अचानक खरं बोलायला लागतात. एक जण सांगतो की कापसाला भाव मिळाला नाही, बापाने फीसाठी सोनं गहाण ठेवलंय आणि माझे दोन विषय राहिलेत. दुसरा लहान भावाच्या आजारपणाचं सांगतो. तिसरा नुसता रडतो. सकाळी सगळे आदल्या रात्रीचं विसरल्यासारखं करतात. पोरांना चव आवडत नाही, बरेच जण तोंड वाकडं करूनच घोट घेतात. त्यांना पाहिजे असतो तो तास, ज्यात माणूस स्वतःच्या तावडीतून सुटतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात पडू शकतो. आमच्या दिंडीत अनोळखी माणूस पाया पडतो, उराउरी भेटतो, गाताना भान राहत नाही. त्या पोरांच्या खोलीत आणि दिंडीत मला एकच भूक दिसते. म्हणून मी म्हणतो की हा आत्म्याचा प्रश्न आहे. देव विसरला असं मी कीर्तनात म्हणत असेन, ते सोप्या भाषेत. भजनात मिळतं ते त्याला मिळालं नाही, असं म्हणायचं असतं मला.

आणि खान्देशाचा इतिहास माझ्या बाजूचा आहे. तळोद्याकडच्या मोरवडचे गुलाम महाराज आठवा. १९३० च्या दशकात त्या माणसाच्या शब्दावर सातपुड्याच्या पायथ्याच्या हजारो भिल्लांनी दारू सोडली. आरतीला माणसं लोटत होती. १९३८ मध्ये ते गेले, तर भावाने, रामदास महाराजांनी, ते काम पुढे नेलं. तिथे ना डॉक्टर होता, ना समुपदेशक.

प्राध्यापक : गुलाम महाराजांचा दाखला तुम्ही दिलात ते बरं झालं, कारण मला तो उलट बाजूने वाचता येतो. ती माणसं सावकाराच्या आणि दारूच्या मक्तेदाराच्या कर्जात बुडालेली होती, वरच्या जातींकडून रोज अपमान सोसत होती. दारू सोडण्याबरोबर त्यांनी आंघोळ, स्वच्छता, एकमेकांना मानाने बोलणं हेही धरलं. त्याआधी १९२२ मध्ये शेजारच्या सुरत जिल्ह्यात आदिवासींच्या अंगात देवी यायची आणि आज्ञा करायची की दारू-ताडी सोडा, मांस सोडा, दारूच्या दुकानदारांशी व्यवहार तोडा. देवीच्या तोंडून निघालेली ती मागणी मला माणूस म्हणून जगू द्या या मागणीपेक्षा निराळी वाटत नाही. देव तिथे होता, मी नाकारत नाही. पण लोक उठले ते स्वाभिमानासाठी. तुमच्या कीर्तनात स्वाभिमान किती असतो आणि पाप किती असतं?

दुसरं असं की धर्म दारू सोडवतो तसा पाजतोही. आषाढ अमावास्या जवळ आली की रूमवर कोणी अभ्यास करतं का? श्रावण पाळायचा म्हणून आदल्या दिवशी पोटात मावेल तेवढी. महिनाभर एक थेंब नाही, आणि मग गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचायला अंगात ताकद हवी म्हणून पुन्हा. चैत्रात सप्तशृंगीला वणीपर्यंत पायी जाणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. वाटेत दारूला शिवत नाहीत, पायाला फोड आले तरी थांबत नाहीत. परत आल्यावर तीच मुलं त्याच ढाब्यावर. आपलं पंचांग पोरांना थांबायला शिकवतं, पण सोबत हेही शिकवतं की पाळणुकीचे दिवस संपले की सगळं माफ. एरवी बेताने पिणं ही गोष्ट त्यांनी कधी बघितलेलीच नाही. एक तर थेंब नाही, नाही तर आडवं होईपर्यंत.

माळकरी : आषाढ अमावास्येचं मला मान्य आहे आणि मला त्याची लाज वाटते. पण त्या दिवशी धर्म कमी पडलेला असतो, जास्त झालेला नसतो. उपवास राहिला आणि उपवास कशासाठी ते गेलं.

याची खरी परीक्षा चोपड्याच्या नाहीतर धडगावच्या डोंगरातून आलेल्या पोरावर होते. पावरा किंवा भिल्ल पोरगा आश्रमशाळेत शिकतो, मग शहरातल्या वसतिगृहात येतो. त्याच्या घरी मोहाची दारू देवाला लागते, पूर्वजांना लागते. पिण्याआधी थेंब जमिनीवर सांडतात, मग म्हाताऱ्यांनी, मग बाकीच्यांनी. लग्न, सण, मयत, सगळीकडे असते, पण वेळ ठरलेली, माणसं ठरलेली, समोर आजा बसलेला. तोच पोरगा इथे सरकारी देशीची बाटली आणून भिंतीकडे तोंड करून पितो. वर्गात त्याच्या बोलण्यावर हसलेले असतात, शिष्यवृत्ती अडकलेली असते. डोंगरात तो प्यायला की चार माणसांत असायचा. इथे चार माणसं टाळायला पितो. आता तुमचं मानसशास्त्र म्हणेल की दोन्हीकडे अल्कोहोल तेच. मी म्हणतो, तिकडे दारूवर देवाची आणि म्हाताऱ्याची नजर होती, इकडे कोणाची नाही.

प्राध्यापक : नजर होती, पण कोणाची पाठ सुजत होती तेही सांगा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याकडे श्रमिक संघटनेचं काम उभं राहिलं, तेव्हा आदिवासी बायकांनीच गावोगाव दारूची मडकी फोडली. सणाची दारू, देवाची दारू असा फरक त्यांनी केला नाही, कारण मार खाणाऱ्या बाईला तो फरक कळून उपयोग नसतो. डोंगरातलं पिणं सुंदर होतं असं म्हणताना तुम्ही आणि मी, दोघंही पुरुष आहोत, हे विसरू नये.

तरी तुमच्या मुद्द्यातला एक भाग मी घेतो. दारू काय करते हे द्रवावर जेवढं असतं, तेवढंच आपण तिच्याकडून काय अपेक्षा करतो यावर असतं. अॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७३ मध्ये लोकांना पेले दिले. काहींना सांगितलं की यात व्होडका आहे, प्रत्यक्षात नुसतं टॉनिक वॉटर. व्होडका आहे असं समजणारे जास्त प्यायले, मग पेल्यात काहीही असो. दारूच्या आधी माणूस दारूची कल्पना पितो. आणि ती कल्पना आपल्या पोरांना कॉलेजात मिळत नाही, घरी मिळते. बाप दुःख झालं की कुठे जातो, आनंद झाला की कुठे जातो, हे लेकरू पाचव्या वर्षापासून बघत असतं.

माळकरी : बापाचं बोललात ते खोल गेलं. माझ्याकडे येणाऱ्यांत बापाची दारू सोसलेली पोरं पुष्कळ. काही अशी की वासही सहन होत नाही, लग्नात जेवायला गेली तरी पिणाऱ्यांच्या टेबलावरून उठून जातात. आणि काही अशी की पंधराव्या वर्षी आईला वचन दिलेलं, बाबांसारखा होणार नाही, आणि विसाव्या वर्षी तंतोतंत बाबांसारखी. हातात पेला धरायची ढबसुद्धा तीच. दोघांच्या घरी तोच बाप, तीच मारहाण. मग एक असा आणि एक तसा का झाला? तुम्ही सांगाल रक्तातून येतं.

प्राध्यापक : काही प्रमाणात येतंच. पण बी आलं म्हणून झाड येईलच असं नाही. फरक बहुतेकदा एखाद्या माणसामुळे पडतो. मामा, शिक्षक, कबड्डीचा प्रशिक्षक, कोणीतरी असा की ज्याला या मुलाने दुःख झेलताना पाहिलं आणि त्याने बाटली उघडली नाही.

आता माझी सर्वांत गंभीर हरकत ऐका. शपथ. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो, सभागृहात सगळ्यांना उभं करून हात पुढे करायला लावतात. ती शपथ कोणी मनावर घेत नाही, म्हणून तिचा अपायही नाही. तुमची माळ पोरं मनावर घेतात. माळ गळ्यात असताना एखाद्या रात्री पाय घसरला तर तो मुलगा काय करतो? माळ काढून खुंटीला लावतो. आता मी बाटलोच, तर मग एक पेला काय आणि दहा काय. मार्लाटनेच पुढे हे नेमकं मांडलं. पूर्ण वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा मोडली की माणूस त्या एका चुकीवरून स्वतःचा निकाल लावतो आणि आधीपेक्षा जास्त पितो. धर्माचा आधार दोन प्रकारचा असतो. केनेथ पारगामेंट या मानसशास्त्रज्ञाने हा फरक अभ्यासला आहे. देव माझ्या सोबत आहे असं मानणारा संकटातून सावरतो. देव मला शिक्षा करतोय, देवाने मला टाकलं, असं मानणारा आणखी खचतो. आपण पोराच्या हातात यातला कोणता देव देतो?

आणि एक शरीराची गोष्ट, जी प्रत्येक कीर्तनकाराने पाठ करावी असं मला वाटतं. जो मुलगा महिनोन्महिने रोज, भरपूर पीत आला आहे, त्याला देवळात शपथ घालून त्या दिवसापासून एकदम बंद करायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. लोक म्हणतात अंगात आलं, देवीचा कोप झाला. त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्या, धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्या. औषधांनी त्याला त्यातून सुखरूप काढता येतं. माळ आठवड्याने घाला.

माळकरी : हे मी लक्षात ठेवीन, आणि सांगेनही. माळ काढून खुंटीला लावणारा पोरगा मलाही माहीत आहे. पारोळ्याकडचा. माझ्यासमोर यायला लाजतो, रस्त्यात दिसला तर बाजूच्या गल्लीत शिरतो. तो दारू सोडून देवापाशी आला होता, आता दोन्हीकडून गेला. तुमच्या हरकतीला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की वारकऱ्यांच्या परंपरेत पडलेल्याला उचलणं सांगितलंय, ओवाळून टाकणं सांगितलेलं नाही. पण सांगितलेलं आहे आणि आम्ही करतो, यात अंतर आहे, ते मी लपवत नाही.

आता मी विचारतो. तुमच्याकडे त्या पोरासाठी काय आहे? कॉलेजात समुपदेशन कक्ष असतो, अकरा ते पाच. दारावर पाटी. आत गेलेला पोरगा सगळ्या व्हरांड्याला दिसतो. पोराला भरून येतं रात्री अकराला, रविवारी, निकालाच्या दिवशी. शासनाचा टेलिमानसचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, चांगलं आहे, मीही पोरांना लिहून देतो. पण फोन करायला तरी धीर लागतो, आणि फोन कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही.

साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरला शिकवत होते. तिथलं छात्रालय त्यांच्याकडे होतं. पोरांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायचे, आजारी पोराची सेवा करायचे, कपडे धुऊन द्यायचे. प्रत्येक पोराला कळत होतं की मी जेवलो नाही तर एका माणसाला झोप येणार नाही. आजच्या वसतिगृहाला गृहपाल असतो, हजेरीचं रजिस्टर असतं, दाराला कुलूप असतं. हे माणूस असणं तुमच्या शास्त्रात कोणत्या खात्यात बसतं? मी त्याला अध्यात्म म्हणतो. तुम्ही दुसरं काही म्हणा.

प्राध्यापक : मी त्याला जिव्हाळा म्हणेन, आणि तो देव न मानणाऱ्यालाही येतो. पुण्याचं मुक्तांगण बघा. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून. डॉ. अनिता मानसोपचारतज्ज्ञ. तिथे आलेल्याला कोणी पापी म्हणत नाही, तो रुग्ण असतो, आणि त्याच वाटेने गेलेला दुसरा माणूस त्याला धरतो.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र मीच तुम्हाला देतो, कारण तो लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मंडळी १९३५ मध्ये अमेरिकेत एकत्र आली ती दोन बेवड्यांपासून, एक शेअरबाजारातला आणि एक डॉक्टर. त्यांच्या बारा पायऱ्यांत स्वतःहून मोठ्या शक्तीपुढे नमणं आहे, ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवायची. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांच्यातल्या शेअरबाजारवाल्या संस्थापकाला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की दारूची ओढ ही खालच्या पातळीवरची, पण पूर्णत्वाचीच तहान आहे. त्याही आधी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ मध्ये लिहून ठेवलं होतं की दारूचा माणसांवर एवढा ताबा असण्याचं कारण ती गूढ अनुभवाची दारं किलकिली करते. तुम्ही खोलीतल्या त्या तासाबद्दल बोललात ते हेच.

पण इथेच मी थांबतो, आणि तुम्हालाही थांबवतो. युंगने पत्रात ज्या रुग्णाबद्दल लिहिलं, तो सगळे उपाय करून थकलेला होता. आपला मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला जर आपण सांगितलं की तुझ्या दारूत परमेश्वराची तहान आहे, तर आपण त्याच्या नशेला मोठेपण देतो. एरवीही त्याला वाटत असतंच की आपलं दुःख काही साधंसुधं नाही. त्याची तहान बहुतेकदा छोट्या गोष्टींची असते. सोबत हवी, झोप हवी, कोणी हसू नये, परीक्षेची भीती कमी व्हावी. छोट्या गोष्टी छोट्या म्हणून दिल्या तर तो मोठ्या तहानेपर्यंत पोचेल तरी.

माळकरी : एवढंच असतं तर काम सोपं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा घ्या, जो अजून तयारीच करतोय. भरती निघाली नाही, निघाली तर छातीत अर्धा इंच कमी पडला. गावी पाच एकर आहे, पण शेती करणाऱ्याला मुलगी देत नाहीत. मित्रांची लग्नं होतात, हळदीला हा नाचतो आणि नाचायला पितो. त्याला झोप आणि सोबत देऊन बघा. त्याचा प्रश्न असतो, मी कशासाठी आहे? याचं उत्तर त्याला ना सरकार देतं, ना बाप, ना तुमचा कक्ष.

प्राध्यापक : त्याला नोकरी दिली तर तो हा प्रश्न विचारणार नाही.

माळकरी : नोकरी लागलेले पीत नाहीत का?

प्राध्यापक : पितात. बरोबर आहे.

तरी बाहेरच्या गोष्टींचा हिशेब घेतल्याशिवाय आपण दोघं फक्त पोराच्या आत खणत राहू. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतची दारूदुकानं हटवायला सांगितली आणि लगेच जळगावातले रस्ते महापालिकेच्या नावावर करण्यावरून केवढा वाद झाला. रस्त्याचा दर्जा बदलला की दुकान वाचत होतं. पोराची इच्छाशक्ती तपासताना ती यंत्रणाही तपासायला हवी, जिला त्याने रोज प्यावं असं वाटतं. गावात निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. हा अधिकार त्याच्या आईला आहे, पण तिच्या गावापुरता. तिचा मुलगा पितो जळगावात, आणि तिथे तिचं मत नाही.

माळकरी : म्हणून तर मी माळ देतो, सर. दुकान मला बंद करता येत नाही. पोराला गळ्यात एक गोष्ट देता येते, जी दुकानासमोरूनही त्याच्यासोबत जाते. आणि तुम्हीच सांगितलं की चौघांतल्या तिघांना प्यायचं नसतं. मग नाही म्हणायला सबब कोण देणार? गळ्यात माळ असली की कोणी म्हणत नाही, घे ना भो, एका घोटाने काय होतं. त्यालाच नव्हे, शेजारी बसलेल्यालाही धीर येतो. मुसलमानाच्या पोराला त्याच्या धर्माने मनाई केली आहे, बौद्ध पोराला पंचशीलात आहे, बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आहे. प्रत्येकाकडे आपापली माळ आहे.

प्राध्यापक : प्रत्येकाकडे आहे, आणि प्रत्येक धर्मातली मुलं त्या खोलीत बसलेली आहेत. म्हणजे नियम असून भागत नाही. माळ चालते कारण तिच्यामागे दर एकादशीला भेटणारी माणसं आहेत, सोबत चालणारी दिंडी आहे. ज्याला नियम मिळाला पण माणसं मिळाली नाहीत, त्याला तुमची माळ म्हणजे नुसता दोरा. म्हणून मला माणसं हवीत, माळेची अट नको. ज्याचा विश्वास नाही त्यालाही यायला जागा हवी. त्याच्याकडून मानत नसलेली गोष्ट वदवून घेतली तर पहिल्याच दिवशी तो खोटं बोलायला शिकतो, आणि व्यसनाला सगळ्यात जास्त मदत खोट्याचीच होते.

वसतिगृहाजवळ एक खोली घेऊ. शनिवारची संध्याकाळ, रात्री अकरापर्यंत. पोरं येतील, भरीत-पुरी करतील, बोलतील. कोणी पिऊन आला तरी हाकलायचं नाही. तुम्ही असा, मी असेन. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते, अठरा रविवार. ऐकणाऱ्यांत सगळेच भाविक होते असं थोडंच आहे. पण रविवार ठरलेला होता आणि बोलणारा माणूस रविवारी तिथे असायचाच. मला ते ठरलेलं असणं हवंय.

माळकरी : विनोबा गीतेवर बोलत होते, सर. गीता काढून टाका आणि रविवार ठेवा, असं करून बघा, किती रविवार टिकतो. माझ्या अनुभवात नुसती गप्पांची खोली चार महिन्यांत ओस पडते. पोरं भजनाला टिकतात, कारण तिथे त्यांना बरं करायला कोणी बसलेलं नसतं. विठ्ठलासाठी जमतो, त्यात दारू सुटली तर सुटली. दारू सोडायला जमलो की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेतो.

प्राध्यापक : हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मग हेही सांगा. तुमच्या भजनाला तो पारोळ्याचा मुलगा येईल का, ज्याची माळ खुंटीला आहे?

माळकरी : नाही येणार. पहिला अभंग सुरू झाला की त्याचा हात गळ्याकडे जाईल, आणि तो उठून जाईल.

प्राध्यापक : म्हणजे ज्याला खोलीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्यासाठीच ती बंद.

माळकरी : हो. आणि तुम्ही म्हणाल, मग अभंग थांबवा. एका पोरासाठी मी थांबवीनही, एखादा शनिवार. दर शनिवारी नाही थांबवता येणार. अभंग गेला तर मी त्या खोलीत कशाच्या बळावर बसलोय तेच मला सांगता येणार नाही, आणि पोरांना ते पहिल्या दिवशी कळेल. तुम्ही तुमच्या बळावर बसा, मी माझ्या. तो पोरगा तुमच्याकडे आला तर त्याला माझं नाव सांगू नका. फक्त रोज किती पितो ते विचारा, आणि गरज वाटली तर धुळ्याला घेऊन जा. गाडीभाडं मी देईन.